पिंप्राळ्याचा फोन

फोन वाजू लागला तेव्हा काचेच्या घडीतली वाळू निम्मीही उतरली नव्हती. मी आसनावर होते, तोंडाला मुहपत्तीचं कापड, हातात माळ, आणि माळेचा सत्ताविसावा मणी बोटाखाली. हे इतकं नेमकं आठवतं, कारण त्या मण्यापासून पुढे मी नवकार म्हटलाच नाही, फोनच्या घंटा मोजल्या. आधी एकोणीस. मग थांबला. मग पुन्हा बावीस. इतक्या एकाग्र चित्तानं मी नवकारही कधी मोजले नव्हते. सामायिक म्हणजे दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटं, समभावात बसायचं. उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, चूल, दिवा, वीज कशाला हात लावायचा नाही. फोनमध्ये वीज असते. लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले त्याला सव्वीस वर्षं झाली, त्यातल्या एकाही सकाळचं माझं सामायिक मोडलेलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही. लोकच सांगतात, आणि मी खाली बघते. खाली बघण्यातही एक ऐट असते, ती फक्त बघणारीला ठाऊक असते.

तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा गिरधर खिडकीशी आला. गिरधर म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, पारोळ्याकडचा, गाडीतच झोपायचा. गज धरून तो हळूच म्हणाला, "भाभी, फोन वाजी राहिना." जणू मला ऐकू येत नव्हतं. बोलायचं नव्हतं म्हणून मी उजव्या हाताचं एक बोट उचललं आणि घडीकडे दाखवलं. वाळू संपू दे. तो समजला. मान हलवून ओट्यावर जाऊन बसला. फोन अजून वाजत होता, आणि आम्ही दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना गप्प बसून तो ऐकत होतो, तो बाहेर गुडघ्यांना मिठी मारून, मी आत पाठ ताठ करून. मग थांबला, तो थांबलाच. आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं नव्हे, जिंकल्यासारखं. आज काहीतरी परीक्षा झाली आणि आपण उतरलो, असं वाटून छातीत ऊब आली. ती ऊब मी विसरू शकत नाही. बाकीचं विसरायला माणसं मदत करतात, ती ऊब माझी एकटीची आहे.

तो फोन घरचा होता आणि नव्हताही. चार वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या सेवा मंडळानं रुग्णवाहिका घेतली, एक पांढरी मेटॅडोर. तिच्या दोन्ही अंगांवर मंडळाचे अध्यक्ष सोहनलालजी यांच्या स्वर्गवासी मातोश्रींचं नाव हातभर उंचीच्या लाल अक्षरांत आहे. खाली, वाचायचं असेल तर वाचा म्हणून, 'रुग्णवाहिका'. त्याखाली फोनचा नंबर, मराठी आकड्यांत, कारण उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि मराठीचा मान राहायला हवा होता; तोच नंबर पुढे वस्त्यांतल्या भिंतींवरही तसाच रंगवला. मंडळाला स्वतःचा फोन मिळायला आठ वर्षांची रांग होती, तेव्हा आमच्या घरचाच नंबर दिला. आमचे हे मंडळाचे सचिव. गाडी आमच्या अंगणात, चावी आमच्या आतल्या खोलीत खिळ्यावर, फोन बैठकीत. आधीच्या ड्रायव्हरनं गाडी एकदा स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला नेली होती, तेव्हापासून नियम झाला: फोन घरच्या माणसानंच घ्यायचा, नाव-पत्ता वहीत लिहायचा, मग चावी द्यायची. ड्रायव्हरनं ओटा ओलांडायचा नाही. नियम करताना सगळ्यांना वाटलं, केवढी शिस्त आली. रोगी माणूस आणि गाडी यांच्यामध्ये आम्ही एक वही, एक खिळा आणि एक उंबरा ठेवला, आणि त्याला सेवा म्हटलं.

आणखी एक नियम होता. गाडीत मेलेलं माणूस न्यायचं नाही, गाडीवर मातोश्रींचं नाव आहे. सिव्हिलमधून डॉक्टर 'घरी न्या' म्हणतात, तशा एका म्हाताऱ्याला गिरधर पारोळ्याला सोडायला निघाला होता. वाटेत म्हातारा गेला. मुलाला नियम माहीत होता, गाडीतच मोठ्या अक्षरांत लिहिलाय. तेव्हा तो मुलगा पुढचा तासभर बापाशी बोलत राहिला. बाबा, पाणी देऊ का. बाबा, हे बघा एरंडोल गेलं. ड्रायव्हरला कळू नये, रस्त्यात उतरवू नये म्हणून. गिरधरला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. तोही मग पुढून ओरडून विचारायचा, "आबा, बरं वाटस का?" आणि मुलगा म्हणायचा, वाटतंय म्हणतात. ही हकिकत गिरधरनं मला ओट्यावरून, मी आतून ज्वारी निवडत असताना सांगितली होती. मी मंडळात कुणाला सांगितली नाही. गाडी धुवून घेतली. माझं पुण्य त्या दिवशीही तेवढंच होतं.

मात्र चातुर्मासात गाडी कशालाही चालायची. दूरच्या म्हाताऱ्या बायकांना स्थानकात, आमच्या धर्मस्थानात, प्रवचनाला आणणं, स्वामीवात्सल्याच्या पंगतींची पातेली, तंबूच्या कनाती, सोहनलालजींच्या नातीला पिंपळनेरहून माहेरपणाला घेऊन येणं. तेव्हा वहीत काय लिहायचं, असं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, "लिही, रुग्ण." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

त्या दिवशी वाळू संपली, मी विधी पूर्ण केला, सावकाश, एकही पाठ न गाळता. मुहपत्तीची घडी केली. उठून फोनजवळ गेले तर तो नेहमीसारखा काळा, थंड. हे आदल्या दिवसापासून धुळ्याला गेले होते. तिथल्या समाजानं गाडीच्या सेवेबद्दल आमच्या मंडळाचा सत्कार ठेवला होता. साडेआठला गिरधर नळावर गाडी धूत असताना स्टँडवरचा एक रिक्षावाला येऊन त्याच्याशी बोलला. गिरधरनं नळ बंद केला. मग ओट्याजवळ येऊन, आत न बघता, त्यानं सांगितलं. पिंप्राळ्यात पुना नावाचा माणूस, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, बेचाळीस वर्षांचा. पहाटे छातीत दुखायला लागलं. बायकोनं कोपऱ्यावरच्या दुकानातून, नाणं टाकायच्या फोनवरून, गाडीला फोन लावला. तीनदा. मग रिक्षात दोघांच्या मध्ये बसवून त्याला धरून निघाले. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. मालगाडी जाईपर्यंत तो रिक्षात बसल्या बसल्या गेला. एवढं सांगून गिरधर थांबला. मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. त्यानं पुन्हा नळ सोडला.

मी काय केलं? मी त्या दिवशी उपवास केला. दुसरं काही सुचेना म्हणून नव्हे. तेच सुचलं, लगेच, हात आपोआप डोक्याकडे जावा तसं. आमच्या घराण्यात कुठल्याही गोष्टीवर न जेवणं हा उपाय आहे. धुळ्याला, चौथ्या गल्लीत आमचं घर होतं तेव्हा माझी आई धापूबाई सामायिकाला बसलेली असताना माझा धाकटा भाऊ शेगडीवर पडला. अडीच वर्षांचा. आई उठली नाही. मी सहा वर्षांची, परकराचं टोक तोंडात घालून दारात उभी. भाऊ ओरडत होता आणि आई माळ ओढत होती, तिचे ओठ मुहपत्तीच्या आत हलत होते, कापड पुढेमागे होत होतं. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी त्याला उचललं, गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "आधार!" आधार टांगेवाला भाकरी खात होता. ताटली तशीच ठेवून, हात न धुता त्यानं टांगा जुंपला आणि भावाला दवाखान्यात नेलं. कुणाला विचारलं नाही, कुणाचं नाव लिहिलं नाही. परत आल्यावर त्याला ओट्याखाली उभं करून वरून पाणी घातलं, ते तो ओंजळीनं प्याला. पुढे वर्षानुवर्षं आमच्यात लग्नकार्याला बायका भावाचा हात ओढून त्याच्यावरची आखडलेली कातडी एकमेकींना दाखवायच्या. हे बघ, आईच्या व्रताची निशाणी. आई खाली बघायची. तो बिचारा हात काढून घ्यायला बघायचा. आधारची गोष्ट कुणी सांगत नसे. माझ्या लक्षात तो राहिला तो त्याच्या बोटांना लागलेल्या पिठल्यामुळे. आणि तरी मी शिकले ते आईकडून, आधारकडून नाही.

हे संध्याकाळी आले, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांनी पाणी पिण्याआधीच मी सांगितलं. सगळं. बोटाचंही. ते ऐकताना शालीचा काठ उलटून बघत होते. "तू सामायिकात होतीस ना?" म्हणाले.

"हो."

"मग झालं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गिरधर काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत."

"मग बरंय." आणि शाल घडी करून मला दिली, कपाटात ठेव म्हणून. सव्वीस वर्षं मी या माणसाच्या पानात वाढते आहे. तो वाईट नाही. वाईट व्हायला माणूस निदान एका गोष्टीपाशी जरा वेळ थांबावा लागतो.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. रुग्णवाहिकेचा फोन उचलला गेला नाही, पिंप्राळ्यातील इसमाचा मृत्यू. मंडळाचं नाव नव्हतं, पण जळगावात अशा गाड्या होत्या किती. दुपारी तीन वाजता आमच्या बैठकीत सभा बसली. सोहनलालजी, कापडवाले रुपचंदजी, आणखी दोघंतिघं, आणि हे, पाठीशी लोड. मी स्वयंपाकघरात वेलदोडे कुटत होते. दूध गार होत होतं आणि मला एकेक शब्द ऐकू येत होता.

"फाटक तर लागलेलंच होतं," रुपचंदजी म्हणाले. "आपली गाडी गेली असती तरी तिथंच उभी राहिली असती. मग गाडी काय अन् रिक्षा काय."

"गाडीत निजता तरी आलं असतं," हे म्हणाले. चुकून म्हणाले. लगेच खोकले.

"मोहनलालजी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" कुणीतरी ह्यांना म्हणालं, आणि हसले सगळे.

सोहनलालजींनी विचारलं, "पण फोन आला होता का? तेवढं सांगा."

मग ह्यांचा आवाज आला, "घरातल्यांनी कुणी घेतला नाही." केवढं खरं वाक्य. वकिलालाही सुचलं नसतं.

"घेतला नाही म्हणजे आला नाही," रुपचंदजी म्हणाले. "अहो, ती बाई. तिनं चुकीचा फिरवला असणार. आपला नंबर भिंतीवर मराठीत रंगवलाय, फोनच्या चकतीवर आकडे इंग्रजी. आपला चार त्यांना आठ दिसतो. तिसरी-चौथी शिकलेल्या बाया त्या."

"तरी मी म्हटलं होतं, इंग्रजीत रंगवा."

"मग मंत्र्यांसमोर मराठीचं कौतुक कसं झालं असतं?"

पुन्हा हसले. मग सोहनलालजींनी पेपराला द्यायचं पत्र सांगायला सुरुवात केली. सदर वेळेत मंडळाकडे कोणताही दूरध्वनी आलेला नसून बहुधा चुकीचा क्रमांक फिरवला गेल्याने. खाली ड्रायव्हरची सही घ्यायची, तो तिथंच होता म्हणून. गिरधरला दारात बोलावलं. वाचून दाखवलं. तो उंबऱ्याबाहेर उभा. "कर सही," हे म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात आले होते, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दारातून हात आत घालून त्यानं सही केली, नियमाप्रमाणे, पाय बाहेर ठेवून.

तेव्हा मी दुधाचं तबक घेऊन आत गेले. अशा सभेत बायकांनी तबक ठेवून निघायचं असतं. मी तबक ठेवलं आणि निघाले नाही. माझा आवाज मुळात बारीक, तो आणखी बारीक झाला. म्हटलं, "फोन आला होता. तीन वेळा. मी घरात होते. मी उचलला नाही. गिरधर सांगायला आला तर त्यालाही मी बसवलं."

मला वाटलं, आता. आता कुणीतरी ओरडेल, ह्यांचा चेहरा उतरेल, काहीतरी फुटेल. सोहनलालजींनी हळूच विचारलं, "तुम्ही सामायिकात होता, भाभीसा?"

"हो."

त्यांनी हात जोडले. खरंच जोडले, मान लववली. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "बघा. अशा घरात आपल्या मंडळाचा फोन आहे."

"एवढा फोन वाजतोय आणि चित्त ढळत नाही," रुपचंदजी म्हणाले. "आमचं माशी बसली तरी ढळतं."

"चित्त ढळलं होतं," मी म्हटलं. "मी घंटा मोजत होते."

"हा विनय," सोहनलालजी म्हणाले. "विनय बघा."

मी म्हटलं, पत्रात हे लिहा. सरळ लिहा, सचिवांच्या पत्नीनं फोन घेतला नाही. त्यावर सोहनलालजींनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं, डोळे मऊ करून. व्रताची गोष्ट पेपरात कशी छापायची, लोक धर्माची टिंगल करतील, हा भार तुमचा नाही, आमच्यावर सोडा. आणि पर्युषणाच्या पर्वात साध्वी महासतीजींच्या समोर या दृढतेची जाहीर अनुमोदना व्हायलाच हवी, असं एकानं सुचवलं, दुसऱ्यानं उचलून धरलं. दूध प्यायले सगळे. साय काढून ठेवली एकानं बशीच्या कडेला, तिच्यावर माशी बसली. पत्र होतं तसं गेलं. ती माणसं निघून गेल्यावर मी त्यांच्या चपलांच्या जागा धुतल्या. खरं तर धुण्यासारखं तिथं काही नव्हतं. मला त्या लोकांची किळस आली होती आणि ती किळस कुठं ठेवावी कळत नव्हतं, कारण हात जोडलेले होते ते माझ्यासमोर, आणि त्या हातांची सवय मीच त्यांना सव्वीस वर्षं लावली होती.

संध्याकाळी गिरधर ओट्यावर बसला होता. मी दारात जाऊन उभी राहिले. "सही का केलीस?" विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता.

"पोट शे ना भाभी," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मी काल तठे जाई उनू. पिंप्राळाले."

"काय म्हणतात?"

"काय म्हंतीन? त्यानी माय दारमा बसीसन बठ्ठास्ले सांगस, सूनले आकडा समजनात नहीत म्हणीसन मना पोऱ्या गया." तो आपल्या तळहाताकडे बघत होता. "गल्लीबी तेच म्हनस. दुकानवालाबी. आन् ती बाई काहीच बोलत नही. खडू लिसन फरशीवर नंबर लिखस, पुसस, परत लिखस. माले इचारं तिनी, भाऊ, हाऊच नंबर शे ना? मी काय सांगू. मी म्हंतं, माले वाचता येत नही." तो उठला. "मी सातवी पास शे, भाभी."

म्हणजे तिनं फोनमध्ये घंटा ऐकली होती. तिसऱ्यांदाही ऐकली होती. आणि आता तिला खात्री झाली होती की ती घंटा दुसऱ्याच कुणाच्या घरी वाजत होती, एखाद्या रिकाम्या घरात, कुणी गावाला गेलेल्याच्या कुलुपामागं, आणि नवरा तिच्या बोटानं मेला, एका आकड्यावर. आणि आमचं पत्र उद्या पेपरात येऊन तेच सांगणार होतं, छापून, गिरधरच्या साक्षीनं. रात्रभर मी डोळे मिटून पडले. झोप लागली नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही, माझ्यासारख्यांना झोप न लागणंही पुण्यात धरायची सवय असते.

पत्र छापून आलं त्या दिवशी सकाळी सामायिक करून मी स्थानकात गेले. महासतीजी म्हाताऱ्या, मारवाडातल्या, एका डोळ्याला मोतीबिंदू. पाटावर बसून पात्र पुसत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. मोठं द्या, म्हटलं. अठ्ठाईचे आठ उपवास द्या, मासखमणाचे महिनाभराचे द्या. मागताना मला कळत होतं की मी पुन्हा तेच करते आहे, मोठं मागते आहे, लोक मोजतील असं.

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. विचारलं, "फोन घेतला असतास तर सामायिक खंडित झालं असतं?"

"हो, महाराजसा."

"मग माझ्याकडे आली असतीस?"

"हो."

"मी एक आयंबिल दिलं असतं." आयंबिल म्हणजे बिनमिठाचं, बिनतेलाचं, एक वेळचं जेवण. माझी महिन्यात चार होतात, अशीच, हौसेनं. त्या पुढं म्हणाल्या, "तुटलेल्याचं प्रायश्चित्त असतं. तुझं तर तुटलंच नाही. त्याला मी काय देऊ? माझ्यापाशी नाही." आणि पात्र उन्हाकडे धरून ते स्वच्छ झालं का बघू लागल्या. मी वंदन केलं. त्यांनी नेहमी देतात तसा आशीर्वादाचा मंगळपाठ म्हणायला तोंड उघडलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मंडळातल्या माणसांचा राग येणं सोपं होतं, त्यात सुख होतं. एक आयंबिल. एका दिवसाचं मीठ. त्या माणसाच्या आणि माझ्या मध्ये तेवढंच होतं, आणि ते मी राखलं.

दुपारी मी एकटी रिक्षात बसले आणि पिंप्राळ्याला चला म्हटलं. ह्यांना सांगितलं नाही. फाटक उघडं होतं. रिक्षावाल्याला कुणाचं घर ते सांगावं लागलं नाही, "एस.टी.वाले गेले ते ना?" म्हणाला. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं, ओळीतलं चौथं. दाराशी बाजेवर पुनाची म्हातारी आई, नर्मदाबाई, तिच्याभोवती दोन शेजारणी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी डेपोतल्या माणसांबरोबर काढलेला पुनाचा फोटो, खाकी कपड्यांत, हात तेलकट. पुनाची बायको सुनंदाबाई चुलीपाशी बसली होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. माझी बांगड्या-पातळाची तऱ्हा बघून ती उठली.

"कोण तुम्ही?"

"गाडीचा फोन आमच्या घरी आहे," मी म्हटलं.

ती बसा म्हणाली नाही. मी उभीच राहून सांगितलं, "तुम्ही फिरवलेला नंबर बरोबर होता. फोन आमच्याकडेच वाजला. मी घरात होते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वाचल्यासारखी. "किती वेळा वाजला?"

"तीनदा."

"तीनदाच लावला मी." तिनं भिंतीला हात टेकला. "मग घेतला का नाही?"

"सामायिकाला बसले होते. म्हणजे आमचा जप असतो, त्यातून उठत नाहीत."

"उठताच येत नाही?"

"येतं," मी म्हटलं. "मग एक दिवस बिनमिठाचं जेवावं लागतं."

तिनं ते ऐकलं. रडली नाही, अंगावर आली नाही. ओठ किंचित वाकडा झाला फक्त, फार वाईट वास आला की होतो तसा. त्या नजरेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मला ती ओळखीची वाटली. कालपासून मी मंडळातल्या माणसांकडे तशीच बघत होते, आणि स्वतःला त्यांच्यातून वेगळं काढत होते.

"आत्याबाई," तिनं बाहेर हाक मारली, "ह्या बाई काय सांगतात ऐका."

म्हातारीनं मान वळवली. मी बाहेर येऊन पुन्हा सांगितलं. "आं?" म्हातारी म्हणाली.

"मोठ्यानं सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं सांगितलं. मला मोठ्यानं बोलता येत नाही. मध्येच आवाज चिरकला, एक शेजारीण तोंडावर पदर घेऊन हसली. पण म्हातारीला पोचलं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, सुनेकडे बघितलं, आणि मग बाजेच्या सुंभाकडे बघत बसली, एक दोरी सरळ करत.

मी म्हटलं, "येते मी." सुनंदाबाईनं माझं मनगट धरलं. जोरात नव्हे, पण रोज पाणी ओढणाऱ्या हातानं. "कुठं? पेपर आजचा सगळ्यांनी वाचलाय." तिनं मला शेजारच्या दारात नेलं. "लिलाबाई, बाहेर ये. ह्या काय सांगतात ऐक." मी सांगितलं. पुढच्या दारात एक म्हातारबा दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. त्याला सांगितलं. तो "बरं, बरं" म्हणाला आणि वस्तरा तसाच धरून राहिला. मग त्याच्या पुढच्या दारात. मग पाण्याच्या टाकीपाशी तीन बायका होत्या, त्यांना. एकीनं विचारलं, "तुमचं नाव काय?" मी नाव सांगितलं, ह्यांचं नाव सांगितलं, मंडळाचं सांगितलं. कोपऱ्यावर किराणा दुकान, काउंटरवर तो फोन, लाल. दुकानदार मला ओळखत होता, आमच्याच समाजातला, चुलत नात्यातला. लगबगीनं स्टूल पुसायला लागला, "काकीजी, तुम्ही इथं?" म्हणून. "त्यालाही सांगा," सुनंदाबाई म्हणाली. "नंबर चुकला असं तोच पहिल्यांदा म्हणाला होता." मी सांगितलं. त्याचं फडकं स्टुलावरच थांबलं. "काकीजी, हळू," तो गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "हळू बोला."

उन्हं कलली होती. सूर्य मावळल्यावर मी पाणीही घेत नाही, आणि घशाला कोरड पडली होती. आता वेळेत घरी पोचणं काही शक्य नव्हतं. सुनंदाबाईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मी वळून रिक्षाकडे बघितलं असेन.

"एवढ्यानं नाही," ती म्हणाली. "मागच्या ओळीत अजून अकरा घरं आहेत."